गुळासाठी चढलेली पायरी

आमच्या किन्हीराजा गावात दुकानाच्या आत पाऊल टाकणारी पहिली बाई मी, आणि ते पाऊल थेट काकवीच्या परातीत पडलं.

गोष्ट दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची. मला लग्न होऊन सासरी येऊन फार दिवस झाले नव्हते. आमचा मळा गावाला लागून. वांगी, मेथी, कांदा, मिरची, सगळं पिकायचं. शेजारच्या मालेगावच्या बाजारात मी आणि माझी सासू, म्हणजे आत्याबाई, टोपली मांडून बसायचो आणि घसा बसेपर्यंत ओरडून भाजी विकायचो. त्याला कोणाची हरकत नव्हती. पण गावातल्या बाळाशेठच्या दुकानात मीठ-मिरे आणायला बाई गेली की घराण्याचं नाक कापलं जायचं. का, तर दुकानाच्या ओट्यावर गावातली मोठी माणसं बसलेली असत. (ती तिथं का बसत, हे कोणी विचारत नसे. बहुतेक घरी आपल्या बायका असतात म्हणून.) म्हणजे बाईनं विकलेलं चालत होतं, विकत घेतलेलं चालत नव्हतं. या नियमाचं डोकं कुठं आणि शेपूट कुठं, ते मला आजवर कळलेलं नाही.

तेव्हा आमच्या घरचं सामान आमचे हे आणत. मळ्यात यांच्यासारखा माणूस नाही. वांग्याच्या रोपाकडे लांबून पाहून त्याला काय दुखतं ते सांगतील. पण दुकानाच्या पायरीपर्यंत पोचले की डोकं रिकामं. एकदा आत्याबाईंच्या खोकल्यासाठी खडीसाखर आणायला पाठवलं तर तुरटी घेऊन आले. आत्याबाईंनी विश्वासानं मोठा खडा तोंडात टाकला. त्यांचं तोंड असं आवळलं की घरात पुढं बराच वेळ फार शांतता नांदली. खोकला मात्र गेला, असं हे अजून अभिमानानं सांगतात.

तर त्या वैशाखात माझी नणंद गोदी हिला पाहायला मेडशीहून पाहुणे यायचे होते. स्थळ चांगलं होतं, बागायतदार. मुलाची आई फार कडक आहे असं ऐकलं होतं. पुरण घालायचं ठरलं. शिवाय त्या लोकांना चहा लागतो, अशी बातमी होती. आमच्या घरात चहा हा पदार्थ तोवर कोणी केला नव्हता. मी यांना चार वेळा बजावून गूळ आणि पत्ती आणायला पाठवलं. हे आले ते तंबाखूची पत्ती घेऊन. गूळ आणलाच नव्हता.

"पत्तीच त सांगतली होती तू," हे म्हणाले.

पुरणाची डाळ शिजून तयार, पाहुणे वाटेत, आणि घरात गोड म्हणून फक्त गोदीचा स्वभाव. मी पदर खोचला आणि निघाले. आत्याबाई दारात आडव्या आल्या. म्हणाल्या, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी म्हटलं, तोंड मी झाकून नेते, गूळ मात्र उघड आणते. आणि त्या पुढं काही बोलायच्या आत गल्लीत उतरले.

ओट्यावरची माणसं मला पाहून सरसावून बसली. बाळाशेठनं मान फिरवून छताकडे पाहिलं. गावच्या बाईशी थेट बोलायचं नाही, हा त्याचा नेम. एखादी अडलीनडली बाई पायरीखाली आलीच, तर तिचं बोलणं मधल्या कोणीतरी त्याला सांगायचं आणि त्याचं उत्तर तिला. त्या दिवशी पायरीपाशी बसले होते किसनबुवा, वय झालेलं आणि कान पार गेलेले. शेठनं त्यांच्या कानाशी वाकून ओरडून सांगितलं, की बाईंना विचारा, काय पाहिजे.

मी म्हटलं, "गूळ."

किसनबुवांनी कानामागं हात धरला, विचार केला आणि शेठकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाले, "बाई मूल मागून राह्यली."

ओट्यावरच्या माणसांनी माना खाली घातल्या. मी पुन्हा मोठ्यानं गूळ म्हटलं. बुवांना दया आली. ते माझ्याकडे वळून समजुतीनं म्हणाले, "दुकानात नाही भेटत माय ते. देवाले नवस बोल. आता कुठं लगन झालं, कायले घाई करतं?"

आता परत फिरले असते, तर मूल मागायला दुकानात गेलेली बाई म्हणून जन्मभर ओळखली गेले असते. मी सरळ पायरी चढले. गूळ कुठं आहे ते हातानंच दाखवायचं ठरवलं.

बाहेर रणरणतं ऊन, आत काळोख. गुळाची ढेप कोपऱ्यात फळीवर होती, ती मला दिसली. उन्हाळ्यात गूळ पाघळतो, म्हणून शेठनं खाली परात ठेवली होती, ती दिसली नाही. डावा पाय घोट्यापर्यंत काकवीत गेला. तो काढायला उजव्या पायावर जोर दिला, तर तोही घसरून डाव्याच्या सोबतीला आला. तोल सावरायला हाताशी आली ती एक दोरी धरली. ती दोरी माळ्यावरच्या मुरमुऱ्यांच्या पोत्याला बांधलेली असेल, हे मला कसं ठाऊक असणार? पोतं आलं. फुटलं. पांढऱ्या मुरमुऱ्यांचा ढीग माझ्या गुडघ्याला लागला.

आणि बाळाशेठ, जो आजवर गावातल्या एकाही बाईशी थेट शब्द बोलला नव्हता, तो छताकडे पाहायचं विसरून मला म्हणाला, "पाय काढा ना बाई तुमचा!"

मी पाय काढले. ते पाय राहिले नव्हते, मुरमुऱ्याचे दोन मोठे लाडू झाले होते. शेठ काकवीच्या नासाडीबद्दल बोलू लागला. मी त्याला म्हटलं, पाय मी घातला हे खरं, पण पाय ठेवायच्या जागी परात तुम्ही ठेवली. दुकानात गिऱ्हाईक येणार हे ठाऊक नव्हतं काय? तो म्हणाला, बाई येणार हे ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, आता झालं ना ठाऊक, आता गूळ तोला. त्यानं मुकाट्यानं गूळ तोलला. चहाची पुडीही दिली. ती मी उघडून, वास घेऊन, खात्री करून घेतली. (ती काकवी पुढं कोणाच्या घरी गेली, हे मी विचारलं नाही. आम्ही मात्र पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काकवी खाल्ली नाही.)

पायरी उतरते तर समोर बैलांची दमणी उभी. छताखालून एक करड्या नजरेची, पिकल्या केसांची बाई वाकून पाहत होती. गाडीवान ओट्यावरच्या माणसांना आमच्याच घराचा पत्ता विचारत होता. सगळ्या ओट्यानं बोट माझ्याकडे केलं.

मग काय, मी पुढं आणि पाहुण्यांची दमणी मागं. दोघींच्या मध्ये गल्लीतल्या कोंबड्या. त्यांनी माझ्या टाचेवरचे मुरमुरे टिपायला सुरुवात केली होती. पळावं तर पाय जमिनीला चिकटत होते. मी मान ताठ ठेवली आणि गुळाची पुरचुंडी छातीशी धरून घरापर्यंत गेले. टाचेला चोच बसली की पाऊल जरा उंच पडायचं, एवढंच.

आत्याबाईंनी मला पाहिलं, माझ्या मागच्या कोंबड्या पाहिल्या, कोंबड्यांमागची दमणी पाहिली आणि पाण्याचा हंडा माझ्यासमोर आणून ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. गोदीचं स्थळ गेलं, असं त्यांनी धरलंच होतं. पोर आत नेसून-सवरून बसली होती, तिच्याकडे माझी मान वर होईना. दुकानात गेल्याचं वाईट वाटत नव्हतं. गोदीचं वाटत होतं.

जेवणं झाली. पुरण चांगलं जमलं होतं. हे पाहुण्या पुरुषांना वांग्यावरच्या किडीबद्दल सांगत होते आणि दमणीतली ती बाई, म्हणजे मुलाची आई, माझ्या पायांकडे पाहत होती. चहा झाल्यावर तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"दुकानात तू सोताच गेलती काय वं?" तिनं विचारलं.

लपवून उपयोग नव्हता, आणि लपवायचंही नव्हतं. "हो," मी म्हटलं. "अन् उद्या काही लागलं त उद्याबी जाईन."

तिनं पुरुषांकडे एकदा पाहून घेतलं. मग हळूच म्हणाली, "मंग मलेबी ने. इथं मले कोणी वयखत नाही. आमच्या घरी पोरगा तपकीर आणते, ते तपकीर नाही, राख हाय नुसती."

मी तिला घेऊन पुन्हा गेले. आम्हाला दोघींना येताना पाहून बाळाशेठनं जमिनीवरची सगळी भांडी उचलून फळीवर ठेवली. बाईंनी आत जाऊन एकेका डब्यातली तपकीर ओढून पाहिली. प्रत्येक चिमटीला शिंकल्या. बारीक शिंक आली की डबा परत, दणदणीत आली की बाजूला. किसनबुवांनासुद्धा ऐकू जाईल अशी शिंक आली तेव्हा बाईंनी तो माल घेतला. घरी येताना डोळे पुसत, हसत म्हणाल्या, आजवरच्या आयुष्यात काही पारखून घेतलं ते हेच. आणि दारातच आत्याबाईंना सांगून टाकलं, की पोरगी पसंत आहे. गोदीला त्यांनी अजून नीट पाहिलंही नव्हतं.

त्यानंतर गल्लीतल्या बायका एकेक करून दुकानात जाऊ लागल्या. शेठ छताकडे पाहायचा बंद झाला. मी जिंकले होते, आणि जिंकल्याचा परिणाम लवकरच दिसला. घरच्या मिठापासून घासलेटापर्यंत सगळं आणायचं काम माझं झालं. आत्याबाईंचं पान, यांची तंबाखू, शेजारच्या म्हाताऱ्यांचा कापूरही. एकदा भर दुपारी घासलेटाचा भरलेला डबा डोक्यावर घेऊन दुकानाबाहेर पडले तर हे ओट्यावर सावलीत बसलेले. मी म्हटलं, जरा हात लावा.

"नाही बापा," हे पाय लांब करत म्हणाले, "बायकांच्या कामात मी कायले पडू?"

मी हरले असं कोणी समजू नये. मी त्यांना सडेतोड उत्तर देणार होते, पण डबा काठोकाठ भरलेला होता आणि मान हलवायची सोय नव्हती.