फोन उचलला की ‘एवरू?’

आमच्या रविवारच्या तेलुगू वर्गाचे किस्से इतके साठलेत की कुठलाही काढा, हसू येतं. हल्ली मी मात्र एकाच रविवारपाशी अडकते. त्या दिवशी नरसय्या सरांनी अख्खा तास मराठीचा एक शब्द न वापरता घेतला. एरवी प्रत्येक गोष्ट मराठीत समजावणारे सर! मला कसंसंच झालं. पण मी काय, कुकरच्या शिट्टीलाही दचकते. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. "सर, नवी मेथड भारी आहे!"

सर नुसते बघत राहिले.

*

वर्ग म्हणजे डिलाईल रोडच्या चाळीतली गणपती मंडळाची खोली. आमचे आजोबा तेलंगणातून गिरण्यांत विणायला आले. आमच्यापर्यंत घरात मराठीच उरली. एकदा एक पुढारी भाषेला ‘सपोर्ट’ द्यायला आले. शाल, नारळ, फोटो, भिंतभर बॅनर. बॅनरवर तेलुगूचं एक अक्षर नाही!

सर म्हणाले, "शाली कपाटात मावत नाहीत, साहेब. एखादा फळा द्या!"

*

सरांचा मुलगा श्रीनिवासदादा डबा द्यायला यायचा. सर म्हणायचे, "बस रे जरा."

"पप्पा, मी कोणाशी बोलणारे तेलुगूत?"

"माझ्याशी."

"तुमच्याशी मराठीत बोलतोच की!"

सगळे हसले. सरसुद्धा.

*

वर्गाचा नियम: आपल्यातल्या कोणाचा फोन आला तर ‘कोण?’ नाही, ‘एवरू?’ म्हणायचं आणि पुढे तेलुगूतच बोलायचं. परिणाम? आम्ही एकमेकांचे फोन उचलणंच सोडलं! सचिन म्हणायचा, "तुझं नाव दिसलं ना, की घाम फुटतो यार."

नियम पाळायच्या त्या एकट्या अनसूयाक्का. त्यांना बोलता फर्डं येतं, लिहा-वाचायला शिकायला आलेल्या. पण त्यांचा फोन कायम पिशवीच्या तळाशी!

*

मग एका दुपारी श्रीनिवासदादाचा फोन. सरांना मेंदूचा झटका आलेला. डॉक्टर म्हणाले, आधी एक छोटा येऊन गेला असणार.

वॉर्डात सर शुद्धीवर होते. बोलतही होते, पण फक्त तेलुगू. मराठी पुसूनच गेली होती. माझं मनगट धरून तेच एक वाक्य, पुन्हा पुन्हा.

"काय म्हणतायत पप्पा?" दादा रडकुंडीला आला होता. "सांग ना! तू शिकतेस ना?"

मला मुळाक्षरं येत होती.

मी फोन लावत सुटले. सचिनने कट केला. बाकीच्यांनीही कट केला. अनसूयाक्कांचा वाजून वाजून बंद झाला. परत लावला. सरांचा आवाज बारीक होत चाललेला. परत लावला.

उचलला.

"एवरू?"

मी फोन सरांच्या कानाशी धरला.