१४२८५७ किलोमीटर

वडापच्या, म्हणजे सीट भरून प्रवासी नेणाऱ्या, जीपमध्ये मी पुढे, ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. मीटरवर १४२८५७ किलोमीटर दिसले आणि जन्मभर गणित शिकवलेला मी ओरडलोच, "थांबवा!"

"काय झालं, गुरुजी?"

"याची दुप्पट करा."

त्याने मोबाइलवर केली. २८५७१४. आकडे तेच, नुसत्या जागा बदललेल्या. तिप्पट केली, ४२८५७१. सहापटीपर्यंत तेच सहा आकडे फेर धरून फिरत राहिले. सातपट केली तर सगळे नऊ! तो खो खो हसला. मागच्या बायकाही वाकून बघू लागल्या.

असे किती गुणी आकडे आपल्यासमोरून रोज मुकाट निघून जात असतील!

जीप निघाली. मीटरवर १४२८५८ आलं, मला उगाच चुटपुट लागली.

ड्रायव्हर म्हणाला, "यातही असेलच की काहीतरी. शोधा गुरुजी, तोवर हळू चालवतो."