मोजपट्टीचे तेरा महिने

माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला आमच्याकडे सगळे मोजपट्टी म्हणतात. हे नाव ठेवलं आमच्या दादाने, म्हणजे माझ्या पाठच्या भावाने, आणि तेही चक्क खवचटपणे. लग्नाला महिना झाला नव्हता, तेव्हा तिने अंगाच्या साबणाची वडी दोऱ्याने कापून तीन तुकडे केले. एका वेळी एकच भिजतो, बाकीचे कडक राहतात, असं तिचं म्हणणं. दादा म्हणाला, "अगं, उद्या श्वासही मोजून देशील!"

"तुमचे नाही मोजणार, दादा. तुम्हाला बोलायला जास्त लागतात."

मला ती त्याच क्षणी आवडली. तिला हे सांगायला मी वीस वर्षं लावली, हा माझा करंटेपणा.

ती इस्पितळाच्या कपडेखोलीत शिवणकाम करते. चादरी मधोमध विरतात, कडा मात्र शाबूत राहतात. मग चादर उभी फाडायची, दोन्ही कडा मध्ये आणून जोडायच्या, विरलेला भाग बाजूला ढकलून दुमडून टाकायचा. आणखी दोन वर्षं निघतात. "कडेला झोपतं कोण, ताई?" असं ती मला विचारते.

धाकटा बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर होता. तो बेचाळीसचा असताना कारखान्याला कुलूप लागलं. हातावर जे टेकवलं, त्यात लिफ्ट दुरुस्तीच्या वर्षभराच्या शिक्षणाची फी जेमतेम भागत होती. त्याला ते शिकायचंच होतं. दादाचं रंगांचं दुकान आहे. तो म्हणाला, उद्यापासून गल्ल्यावर ये. गल्ल्यावर म्हणजे दादाच्या नजरेखाली, दादाच्या सुरात, मरेपर्यंत. धाकट्याचा चेहरा मला अजून आठवतो.

"तुझ्या एका पगारात दोन मुली धरून चार माणसं?" दादाने तिला सगळ्यांसमोर विचारलं. "सहा महिन्यांत माझ्या दारात याल."

"आलो तर हे तुमच्या दुकानात बसतील," ती म्हणाली. "कोणाकडून एक काडी घेतली, तरी बसतील. शिक्षण तिथेच बंद."

मला तिचा रागच आला. नवऱ्याचं आयुष्य असं पैजेवर लावायचं? पण धाकटा मान खाली घालून हसत होता. तिला आमच्यापेक्षा तो जास्त ओळखत होता.

मग सुरू झालं. पावट्याचे दाणे भिजवून एक उकळी आली की गॅस बंद. भांडं जुन्या गोधड्या कोंबलेल्या ट्रंकेत. ती कामावरून येईपर्यंत दाणे आपोआप शिजलेले. धाकट्या मुलीने एकदा तीनदा झाकण उघडून पाहिलं, वाफ गेली, दाणे कच्चे राहिले. "चावा," ती म्हणाली, "दातांना व्यायाम." पुन्हा कोणी ट्रंकेला हात लावला नाही. बसचं तिकीट जिथे वाढतं, त्याच्या आधीच्या थांब्यावर ती उतरायची आणि उरलेलं चालायची. भाजी आणायची ती बाजार उठायच्या आधीच्या अर्ध्या तासात, स्वस्तात. आणि प्रत्येक डब्यावर कागदाची पट्टी, पट्टीवर पेन्सिलच्या रेघा: या रविवारी साखर इथवर, पुढच्या रविवारी इथवर. रेघेच्या खाली गेलं, तर त्या आठवड्याला ते संपलं. बस्स.

मी आयुष्यभर कॉलेजात गणित शिकवलं. पेन्शन आहे, खाणारं कोणी नाही. सातव्या महिन्यात मी गेले तेव्हा ती माझ्यासमोर चहा ठेवून स्वतः गरम पाणी पीत होती.

"हे काय गं?"

"मला आताशा चहा आवडत नाही."

वीस वर्षं दिवसाला चार कप पिणारी बाई! पुढच्या रविवारी पर्समध्ये चहाची पावडर घेऊन गेले आणि ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली तशी मूठभर डब्यात ओतली. असे तीन रविवार. स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

चौथ्या रविवारी तिने डबा माझ्यासमोर आणून ठेवला.

"ताई, चहाची पावडर डब्यात वाढते का हो?"

"म्हणजे?"

"तीन आठवडे पावडर एकाच रेघेवर आहे. मला वाटलं, मोजायला चुकले. काल रात्री झोप नाही मला. गणित तुमचं, चोरी पण तुमचीच!"

मी हसले. ती हसली नाही, खुर्चीवर बसली. "एक काडी म्हणाले होते मी. दादांना कळलं तर ह्यांना उद्या गल्ल्यावर बसावं लागेल. आणि नाही कळलं, तरी मला कळलंय ना?"

तिने रेघेच्या वरची पावडर चमच्याने काढली, पुडी बांधली आणि माझ्या हातात दिली. दिलेली वस्तू मी परत नेत नाही, मी म्हटलं.

"मग इथे येऊन तुम्हीच प्या."

पाच आठवडे मी रोज दोन बस बदलून माझाच चहा प्यायला गेले. ती शेजारी गरम पाणी घेऊन बसायची. मुलींची गणितं पाहते म्हटलं, तर म्हणाली, फुकट नाही. माझ्या जुन्या पडद्यांच्या तिने उशीच्या खोळी शिवून दिल्या. माझ्या मेल्या उशांना इतका मान कधी मिळाला नव्हता.

वर्ष संपायला आलं आणि शिकवणारे गुरुजी आजारी पडले. परीक्षा पाच आठवडे पुढे गेली. दादा त्याच संध्याकाळी आला. टेबलावर पाकीट ठेवलं.

"हट्ट पुरे. वर्ष झालं. माझे शब्द मी मागे घेतो, हे ठेव."

खरंच मनापासून म्हणाला तो. म्हणूनच ते पाकीट परत करणं अवघड होतं. धाकटा तिच्याकडे पाहत होता. दादाने आपले शब्द मागे घेतले होते, तिने तिचे नाही; एका शब्दात त्याचा पुढचा सगळा जन्म होता.

तिने पाकीट सरकवलं. "दादा, तीन आठवड्यांचं घरात आहे. दोन आठवड्यांचं बघते."

दुसऱ्या दिवशी इस्पितळातली एक नर्स पिशवी घेऊन हजर. तिच्या घराची दुरुस्ती चालली होती. मोजपट्टीने आपली झोपायची खोली तिला पाच आठवडे भाड्याने दिली आणि चौघं पुढच्या खोलीत आडवीतिडवी झोपली. "भाडं म्हणजे मदत नव्हे," तिने मला आधीच बजावलं, "व्यवहार."

धाकटा पास झाला. पस्तीस जणांत दुसरा. निकालाच्या दिवशी दादा आला तेव्हा तिने आपणहून सांगितलं, "बाहेरून एकच वस्तू आली, ताईंची चहाची पावडर. ती ताईच प्यायल्या." दादाने ट्रंक उघडून पाहिली, डब्यांवरच्या पट्ट्या एकेक करून पाहिल्या. मग म्हणाला, "माझ्या दुकानाचं विजेचं बिल एकदा बघशील का?"

"बघते की. पण फुकट नाही."

आता शहरातल्या अकरा इमारतींच्या लिफ्टमध्ये आतल्या बाजूला पाटी आहे: बिघाड झाल्यास यांना कळवा, आणि खाली धाकट्याचं नाव. माझे गुडघे ठणठणीत आहेत, दोन मजले मी सहज चढते. तरी त्या इमारतींत गेले की लिफ्टनेच जाते, आणि शेजारी कोणी उभं असेल, तर त्याला पाटी दाखवून सांगते, हा माझा भाऊ. त्याला शिकवलं त्याच्या बायकोने.