न्हाणीतली वाफ

डाळज गावात एखादं तान्हं दिवसभर गप पडून राहिलं, की बायका विचारायच्या, "बानूबाईंनी न्हाऊ घातलं वाटतं?" बानूबाईंना याहून मोठी शाबासकी नको असे. बाकीच्या न्हाऊ घालणाऱ्या बाया पोराला नुसतं भिजवतात, असं त्यांचं मत होतं. पाणी असं कढत हवं की वाफेनं भिंती घामेजल्या पाहिजेत. दार लावलेलं, झरोक्यात पोतं कोंबलेलं. बाळंतिणीच्या अंगात एकदा वारं शिरलं की ते जन्माला पुरतं. नवरा गेल्यावर या हातांच्याच जोरावर त्यांनी आपल्या एकुलत्या लेकीला, छकुलीला, वाढवलं आणि काटेवाडीत दिलं.

छकुली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बानूबाई सकाळी आधी घरच्या दोघींना न्हाऊ घालत, मग शेजारच्या द्वारकाबाईंच्या सुनेला आणि नातवाला. दोन्ही घरांना पाणी एकाच बोअरचं, आणि ती बोअर हायवेकडेच्या पेट्रोलपंपाच्या कुंपणाला लागून. गेल्या उन्हाळ्यापासून त्या पाण्याला वास मारू लागला होता. पंपावर जाऊन सांगितलं, तर तिथला माणूस म्हणाला, "आमची टाकी धड हाय. तुमच्याच मोटरीचं ऑइल गळत आसंल." लोकांनी मोटर वर काढून पाहिली आणि होती तशी परत सोडली. मग ज्यानं त्यानं आपली सोय लावली. प्यायला जारचं, वापरायला बोअरचं.

बानूबाईंची सोय त्यापुढची. त्या पाणी वास मरेपर्यंत उकळत. पूर्वी अंगणात बंब धुमसायचा. आता जावयानं आणून दिलेला हीटर न्हाणीतच बादलीत सोडायचा, दार ओढून घ्यायचं, म्हणजे न्हाणीही ऊबदार होते. थोड्या वेळानं वास येईनासा होई, आणि त्यांच्या जिवाला बरं वाटे.

"आई, न्हाताना डोकं लय गरगरतं गं," छकुली म्हणाली.

"बाळंतीण हाईस, गरगरायचंच. मलाबी गरगरतं. म्हणून काय पाणी वतायचं सोडू?"

"आन ही प्यायला उठत न्हाय."

"पाणी अंगाला लागलंय तिच्या. झोपलेलं पोर उठवू न्हाय. सासरी गेलीस की बस रडणं ऐकत."

वासाची तक्रार कुणीतरी वरपर्यंत नेली असावी. एका सकाळी श्रेया नावाची मुलगी बाटल्या आणि एक यंत्र घेऊन बोअरचं पाणी तपासायला आली. बानूबाई नुकत्याच न्हाणीतून पदरानं तोंड पुसत बाहेर आल्या होत्या. श्रेयानं बाटल्या भरल्या आणि विचारलं, "मावशी, हे पाणी कशाकशाला वापरता?"

"प्यायला न्हाय बाई. आमी काय येडे न्हाय. धुण्याला आन आंघुळीला. तेबी वास जाईस्तवर उकळून."

"वास जातो कुठं पण?"

बानूबाईंना तो प्रश्न पोरकट वाटला. "कुठं म्हंजे? जातो."

श्रेयानं न्हाणीचं दार उघडलं आणि यंत्र आत धरलं. ते किरकिरायला लागलं, थांबेच ना. तिनं पुढं होऊन झरोक्यातलं पोतं ओढून काढलं. "पाण्यातलं पेट्रोल वाफेबरोबर वर येतं, मावशी. दार बंद असलं की इथंच कोंडून राहतं. तोंडानं प्यायलं नाही तरी श्वासातून आत जातं. सारखं राहिलं की नाकाला कळतही नाही. इथं लहान कुणाला आंघोळ घालता का?"

बानूबाई तशाच वळल्या. त्या घरात गेल्या. छकुली भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धवट मिटलेले. बाळ मऊ फडक्यात गुंडाळलेलं, गालावर तेल चमकत होतं. गावातल्या कुठल्याही आईनं दृष्ट काढावी अशी झोप. बानूबाईंनी तिच्या तळव्याला टिचकी मारली. मग जोरात मारली. बाळानं तोंड वासलं, पण आवाज निघाला नाही.

श्रेयाच्याच गाडीतून तिघी बारामतीला गेल्या. काचा खाली होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा बानूबाईंनी बाळंतिणीच्या कानाला स्कार्फ बांधला नाही. दवाखान्यात बाळाला ऑक्सिजन लावला. दुपार कलल्यावर ती रडली. आधी मांजरासारखी, मग मोकळं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. पण रोज थोडं थोडं आत गेलं असेल त्याचं पुढं काय होईल, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. रक्त तपासत राहावं लागेल, तिचंही आणि आईचंही.

"आन मी इथनंच काटेवाडीला जाईन," छकुली म्हणाली. ती आईकडं न बघता बोलत होती. बानूबाईंनी बाळाला घ्यायला हात पुढं केले, तशी छकुली बाळाला घेऊन कुशीवर वळली.

तेवढ्यात फोन वाजला. द्वारकाबाई होत्या.

"कुठं हाय तुमी? पोरगी बरी हाय का? तुमची वाट बघून बघून शेवटी मीच न्हाऊ घातलं बघा. अगदी तुमच्यावाणी. झरोका बुजवून, दार लावून, चांगलं कढत." त्या हसल्या. "रोजच्यापरीस गाढ झोपलंय. आता तुमचं काम गेलंच म्हणा."

घाईघाईत शेजारी वाफेचं सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

"उठवा त्याला," बानूबाई म्हणाल्या.

"आता गं बया. झोपलेलं उठवू न्हाय, तुमीच तर सांगता."

"मी सांगतीया, उठवा. अंगणात न्या. रडंस्तवर तळव्याला टिचक्या मारा. सुनंलाबी भाईर काढा. मी फोन धरून हाय."

पलीकडं फोन कशावर तरी आपटून ठेवल्याचा आवाज आला. मग सुनेला मारलेली हाक, दाराची कडी, अंगणातलं कुत्रं. इकडं कॉटवर नात जिवाच्या आकांतानं रडत होती. बानूबाईंनी दुसऱ्या कानावर तळवा दाबून धरला आणि त्या पलीकडचं ऐकत राहिल्या.