व्हेरी वेल, थँक यू

छप्पन साली राज्यांची उलथापालथ झाली आणि नागपूरच्या कचेरीतले कारकून उचलून मुंबईला नेले. त्यात आमचे हेही गेले. मी राहिले पांढरकवड्यात, सासू-सासरे आणि एका म्हशीजवळ. घरात माणसं होती, पण बोलायला कोणी नव्हतं. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, आणि मामाजींसमोर, म्हणजे सासऱ्यांसमोर, सुनेनं तोंड उघडायची आमच्यात रीत नव्हती. दिवसचे दिवस माझाच आवाज माझ्या कानी पडत नसे.

पोळ्याला हे आले तेव्हा मला टेलिफोनवरचं इंग्रजी शिकवून गेले. पळी कानाला लावून आमची शाळा भरायची. पलीकडून आवाज आला की "हॅलो, स्पीकिंग". नीट ऐकू नाही आलं तर "लाऊडर प्लीज". कशी आहेस विचारलं की "व्हेरी वेल, थँक यू". मी म्हटलं, "हे कायले पाह्यजे? मराठीत नाही बोलता येत काय?" तर म्हणाले, "मुंबईतल्या बाया असंच बोलतात. तुले तिथंच राहाचं हाय ना?" या एका वाक्यावर मी सगळं घोकलं. ते गेल्यावर धार काढताना म्हशीलाच म्हणायची, "होल्ड ऑन प्लीज." ती बिचारी करायची होल्ड.

थंडीत एकदा पोस्टाचा शिपाई सांगत आला, मुंबईहून ट्रंककॉल येणार आहे, सूनबाईंना घेऊन या. मामाजी पुढं, मी डोक्यावर पदर घेऊन मागं. पोस्टमास्तरांनी रिसीव्हर दिला, तो मी पदरावरूनच कानाला लावला. मामाजी हातभर अंतरावर उभे, कान उघडा कसा करणार? मास्तर, शिपाई, तिकिटं घ्यायला आलेली माणसं, सगळे माझ्याकडे पाहत होते.

"हॅलो, स्पीकिंग."

तिकडून हसल्याचा आवाज आला. मग हे म्हणाले, "एक खोली मिळून राह्यली. लहान हाय, पाणी खालून आणा लागते. घेतो का नाही ते आजच सांगा लागते. तुले तिथं करमत नसन तर घेतो. कशी हायेस, खरं सांग."

करमत नाही, अजिबात करमत नाही. ओठावर आलं होतं. पण ते म्हणजे मामाजींच्या तोंडावर त्यांच्याच घराला नावं ठेवणं. नुसतं "घ्या" म्हटलं तरी ते विचारणार, काय घ्यायला सांगितलं? जळो मेली ती रीत. मास्तर म्हणाले, "बोला बाई, टाइम होऊन राह्यला." आणि तोंडातून निघालं ते घोकलेलंच.

"व्हेरी वेल, थँक यू."

"बरं," हे म्हणाले, आणि लाइन गेली.

परत येताना मामाजी भेटेल त्याला थांबवून सांगत होते, आमची सून पोस्टात इंग्रजी बोलली. मी मागं पदराआड रडत होते, ते कोणाला दिसलं नाही.

ती खोली यांच्या शेजारी बसणाऱ्या कारकुनानं घेतली. त्याची बायको लगेच राहायला गेली. यांना दुसरी खोली मिळेपर्यंत मी पांढरकवड्यात आणखी चार उन्हाळे काढले.

म्हातारपणी एकदा चिडून विचारलंच, "काहून सोडली होती ती खोली?"

हे म्हणाले, "तूच त म्हटलं ना, व्हेरी वेल. अन् किती साफ म्हटलं होतं."