ताईबाईंची हाक

कन्हेरी गावातल्या आमच्या बुद्धविहारात संध्याकाळी मेणबत्त्या लावायचं काम माझ्या शेजारणीचं, ताईबाईंचं. त्यांचा धाकटा भाऊ समाधान लहानपणी एका जागी बसायचा नाही, सांगितलेलं काम अर्ध्यात विसरायचा. घरचे-दारचे त्याला 'खुळं' म्हणायचे. पुढं पुढं तो नावाच्या हाकेला वळेनासाच झाला, 'खुळं' म्हटलं की यायचा. तरुणपणी घरातून निघून गेला, तो परत आला नाही.

ताईबाईंची नात आम्रपाली त्याच्याच वळणाची. काल तिच्या हातून दुधाचं पातेलं लवंडलं.

"कुणी सांडलं गं?" ताईबाईंनी विचारलं.

पोर हसून म्हणाली, "खुळीनं."

दूध पुसता पुसता ताईबाई माझ्याकडं वळल्या. मला म्हणाल्या, "बाई, आवाज आमच्या समाधानचाच हाय."

आज विहारात त्यांनी पेटती मेणबत्ती नातीच्या हाती दिली. एक लावली की पोर भिंतीवरच्या पालीकडं बघत राही. मागून कुणीतरी म्हणालं, "आवर की खुळे, वंदना कधी व्हायची?"

"तिला नाव हाय. जरा दम धरा," ताईबाई म्हणाल्या. मग हळूच, "आम्रपाली, आता म्होरली." दर मेणबत्तीला तीच हाक. शेवटची ज्योत लागली.

"कुणी लावल्या गं?"

"मी. आम्रपालीनं."

वंदना झाली, माणसं आपापल्या घरी गेली. ताईबाई मात्र दाराबाहेरच्या अंधाराकडं तोंड करून उभ्या होत्या. जवळ गेले तेव्हा मला ऐकू आलं. तितक्याच हळू आवाजात त्या हाक मारत होत्या, "समाधान... समाधान..."