कायनाय आत्याचं दुखणं

आत्याला विंचू चावला तेव्हा ती चुलीपुढे बसून नाचणीच्या भाकऱ्या करत होती. तिने लाकडाने विंचू बाजूला सारला, तव्यावरची भाकरी उलटली, नीट शेकली, माझ्या ताटात टाकली आणि मग कुठे पाय पुढे घेऊन पाहिला. मीच ओरडले, "आत्या, काय झालं?" म्हणाली, "काय नाय. जेव तू." संध्याकाळपर्यंत पाय गुडघ्यापर्यंत सुजला, तरी उत्तर तेच. ताप आला तरी काय नाय, मोहाच्या झाडावरून पडली तरी काय नाय. सूर्यमाळच्या बाजूला तिचा पाडा. तिथे तिचं खरं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. सगळे तिला कायनाय आत्याच म्हणत.

माझ्या नवऱ्याची ही सख्खी आत्या. तिचं माहेर पोशेऱ्याचं, म्हणजे आमचंच घर. मी जव्हारहून लग्न होऊन तिथे आले, शाळेत शिकवायला लागले, तेव्हा दुखण्याच्या बाबतीत माझी कीर्ती अगदी उलट होती. शिंक आली तरी मी अंथरूण धरायची. एकदा करवंदीचा काटा टाचेत गेला तर मी कपाळाला फडकं बांधून, डोळे मिटून आडवी झाले. अशी कण्हत होते की शेजारणी विचारपूस करायला आल्या. आत्या माहेरपणाला आलेली होती. तिने काटा सुईने काढला आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मास्तरीण, काटा पायात ना? मंग डोस्कं कशाला बांधलंस? तिकडनं निघनार व्हता काय?" सगळं घर हसलं. मी मात्र दोन दिवस लंगडत शाळेत गेले. एवढा खटाटोप करून लगेच बरं कसं व्हायचं!

आत्याला मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावरही ती पाड्यावरच राहिली. "आमच्याकडे ये" म्हटलं की म्हणायची, "कोंबड्या कोन बघंल?" गेल्या वर्षी तिची कंबर धरली. तपासायला ती आपल्या पायांनी डोंगर उतरली, जीपमध्ये बसली, आणि मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की कर्करोग हाडांत पसरलाय. बरं करणं आता हातात नाही. दुखणं कमी ठेवणं मात्र हातात आहे, ते आम्ही करू. तिने मला विचारलं, "काय म्हनला?" मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चल, जीप जाईल." मी निवृत्त होते, सून घर सांभाळत होती. चार लुगडी घेऊन मी आत्याच्या पाड्यावर राहायला गेले.

अशा आजाऱ्यांना घरी येऊन बघणारी एक सिस्टर होती. विक्रमगडकडची, हसतमुख पोरगी. जीप सोडून पिशवी खांद्याला लावून चढून यायची. पहिल्यांदा आली तेव्हा तिने एक कार्ड काढलं. त्यावर ओळीने तोंडं काढलेली, हसऱ्यापासून धाय मोकलून रडणाऱ्यापर्यंत. "आजी, आज जेवढं दुखतंय तेवढ्या चेहऱ्यावर बोट ठेवा."

आत्याने हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं. सिस्टर माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "अगं आत्या, खरं सांग की!" तर मलाच म्हणाली, "पोरगी एवढा डोंगर चढून आली. तिच्या हातात रडकं तोंड देऊ?"

सिस्टर साध्या गोळ्या देऊन गेली. त्या गोळ्यांनी काही होत नव्हतं, हे मला दिसत होतं. आत्याने अंबाडा घालणं सोडलं, कारण हात मागे जात नव्हता. उजव्या कुशीवर झोपायची, ते सोडलं. मिसरी लावणंसुद्धा सोडलं, आणि ती मिसरी तिने नवऱ्यासाठीही कधी सोडली नव्हती. उठवायला गेले की श्वास कोंडून धरायची आणि वर म्हणायची, "काय नाय." एका सकाळी मला ते बघवेना. रेंजसाठी मी मागच्या कातळावर चढले आणि सिस्टरला फोन लावला. बोलता बोलता रडूच आलं. काट्याला रडणारी मी, पण ते रडणं वेगळं होतं.

ती लगेच आली. या खेपेस कार्ड पिशवीतच राहू दिलं. मला म्हणाली, "काकू, दुखण्यावर हल्ली पुष्कळ नवं संशोधन होतंय. नुसतं विचारून सगळ्यांचं दुखणं कळत नाही म्हणतात. माणूस हलताना त्याच्याकडे बघायचं. दुखण्यापायी काय काय सोडलं, ते घरच्यांना विचारायचं." मी अंबाड्यापासून मिसरीपर्यंत सगळं सांगितलं. मग आम्ही दोघींनी आत्याला उठवून बसवलं, आणि सिस्टर तिचं कपाळ, मुठी, श्वास बघत राहिली.

"आजी, एवढं दुखतंय. मग सांगत का नाही?"

आत्या दाराबाहेरच्या उताराकडे बघायला लागली. मग म्हणाली, "दुखतं म्हनलं का डोली निघते."

आमच्याकडे ज्या पाड्यांना गाडीरस्ता नाही तिथून आजाऱ्याला बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली नेतात. आपल्या शेतातलं काम टाकून चार माणसं ती खांद्यावर घेतात. पाड्यात कुणी मोठ्याने कण्हलं की शेजारी बांबू शोधायला लागतात.

"एकदा ओरडले व्हते," आत्या म्हणाली. "पोर आडवं आलं तवा. भाऊ भेटायला आलेला, त्यानं डोलीला खांदा दिला. व्हळाला पानी व्हतं. दगडावरनं घसरला, पाय मोडला. तरी मला खाली टाकलं नाय त्यानं. पोर तं गेलंच. आन भाऊ जलमभर लंगडला."

तिचा भाऊ म्हणजे माझे सासरे. त्यांचं लंगडणं मी लग्न झाल्यापासून पाहिलं होतं. का लंगडता, हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही.

सिस्टर तिच्याजवळ सरकली. "आजी, आता डोली नाही. औषध माझ्या पिशवीतून वर येईल. तुमच्यासाठी कुणी खांदा द्यायचा नाही."

"कोनी नाय?"

"कुणी नाही."

आत्याने माझा हात धरला. "मंग दुखतं," ती म्हणाली. "लई दुखतं गं मास्तरीण."

डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या, त्यांच्या जोडीला पोट साफ राहायचं औषध. बघायला आलेले आमचे हे अंगणातच धास्तावले, "अफूतली गोळी ना ती? सवय लागेल म्हाताऱ्या बाईला." सिस्टरने समजावलं की डॉक्टर दुखण्याच्या मापाने देतात, भिऊ नका. आत्या आतून ओरडली, "लागू दे की! मिसरीची लागली तवा कोन रडलं?"

पुढे मी तिला कण्हायला शिकवलं. या एका विषयात माझा अधिकार मोठा. "गोळीची वेळ व्हायच्या आत दुखायला लागलं की लगेच हाक मारायची," मी बजावलं. ती हाक मारायची, मग ओशाळून हसायची. हळूहळू ओशाळणं गेलं. डॉक्टरांना विचारून सिस्टर गोळ्यांचं प्रमाण बसवत गेली. आत्या पुन्हा उजव्या कुशीवर झोपायला लागली आणि मोठ्याने घोरायला लागली. ते घोरणं ऐकत मी तांदूळ निवडत बसायची. इतकं गोड काही मी त्या घरात ऐकलं नव्हतं.

ती गेली त्याच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी सिस्टर आली, तेव्हा आत्या भिंतीकडे तोंड करून रडत होती. आम्ही दोघी घाबरलो. गोळी चुकली की काय? सिस्टरने खांद्यावर हात ठेवला, "आजी, कुठे दुखतंय?"

"नाय दुखत."

"मग रडता का?"

आत्या वळली. चेहरा ओला होता, कपाळावर आठी नव्हती. "दुखत नाय म्हनून तं ते पोर आठवलं," ती म्हणाली. "मुलगी व्हती. तवा रडायचं राह्यलं."

सिस्टरने गोळ्या खाली ठेवल्या आणि ती तिथेच बसली. मी दुसऱ्या बाजूला बसले. आत्या रडत होती, चांगली मोठ्याने, पाड्यात ऐकू जाईल अशी. दारात शेजारीण येऊन उभी राहिली, तिला मी हातानेच थांब म्हटलं. आत्याला मात्र गप्प हो म्हटलं नाही.